कोरडी अवस

“पाणी शुद्ध आहे, अव्वा. मग वासरं मरतात कशानं?”

सकाळपासून रेवणसिद्धनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

अव्वा सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिनं एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“माझ्याकडं कागद आहे,” तो म्हणाला. “तपासणीचा. टाकीतल्या पाण्यात रोगाचे जंतू नाहीत. एकही नाही.”

“वासरास्नी दावलास का कागुद?”

रेवणसिद्धनं कागदाची घडी केली.

अव्वा पुन्हा सुपाकडं वळली...

मठ सीमेकडच्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर होता. मठ म्हणायचं आपलं. एक दगडी खोली, एक पत्र्याचं स्वयंपाकघर, एक लांबलचक गोठा आणि त्यात गाई, बैल, कालवडी मिळून चाळीसेक जनावरं. मठ चालवणाऱ्या अव्वाचं खरं नाव नीलव्वा; अव्वा म्हणजे इकडं आई. पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी जिवंत नव्हतं.

ती प्रवचन करत नसे. कीर्तन नाही, पोथी नाही. तिच्याजवळ येऊन कुणी राहिलं, तर एखाद्या दिवशी ती त्याला जवळ ओढायची आणि कानात एक शब्द सांगायची. एकच. तेवढी तिची शिकवण. तो शब्द घेऊन माणसं टेकडी उतरायची आणि जन्मभर पुरवायची.

रेवणसिद्ध त्या शब्दासाठी आठ वर्षं थांबला होता.

तो जनावरांचा डॉक्टर. अकरा वर्षं कॉलेजात शिकवलेलं. तो वर्गात आला की साठ पोरं उभी राहायची, आणि ते त्याला आवडायचं हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करायचा नाही. मठातल्या गुरांना लस टोचायला म्हणून तो एकदा वर आला. काम संपवून हात धूत होता, तेव्हा अव्वा मागून म्हणाली, “इतकं कुणाला हुडकतोस रं?”

तो कुणालाच शोधत नव्हता. निदान तोवर त्याला तसंच वाटत होतं.

त्या दिवशी तो घरी गेला. जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी वर्गावर गेला, फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि मध्येच थांबला. पोरं वाट पाहत राहिली. वर्षभरात नोकरी सोडून तो टेकडीवर आला.

आणि इथं आल्यावर काय? काही नाही. शेण काढ, चारा तोड, गाभण गाईकडं बघ. अव्वा त्याच्याशी बोलायची, हसायची, जेवलास का विचारायची. कानाजवळ मात्र कधी आली नाही.

गुराखी बिराप्पाला तिनं शब्द दुसऱ्याच दिवशी दिला होता. तोही धार काढताना.

हे रेवणसिद्धच्या पोटात कायम दुखत असे. एकदा न राहवून त्यानं विचारलं होतं, “काय सांगितलं रे तुला?”

“ते सांगायचं नसतंय, डाक्टर.”

मग त्याचा चेहरा पाहून बिराप्पाला दया आली. “साधाच हाय शबुद. तुमास्नीबी रोज कानावर पडतोय.”

झालं. पुढचे पंधरा दिवस रेवणसिद्ध प्रत्येक शब्दाकडं संशयानं पाहू लागला. कुणी ‘मीठ’ म्हटलं तरी दचकायचा. बिराप्पाला त्याची फार मजा वाटली.

पण गेल्या दोन महिन्यांत हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाच वासरं गेली. पातळ हगवण, अंगात ताप, डोळे खोल जायचे, आणि तिसऱ्या दिवशी गाय रिकाम्या जागेकडं बघत हंबरायची. स्वयंपाक करणारी सोनव्वा सवयीप्रमाणं धारोष्ण दूध प्यायली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. वासरांच्या शेणात आणि सोनव्वाच्या पोटात एकच जंतू निघाला. साल्मोनेला. गाईपासून दुधात आणि दुधातून माणसात, हा रस्ता रेवणसिद्धला पाठ होता. त्याच दिवसापासून मठात दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नव्हतं.

पण गाईच्या पोटात तो आला कुठून?

त्यानं चारा तपासला. पेंड तपासली. उंदरांची बिळं बुजवली. सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावलं, बिराप्पाला तर दोनदा. टाकीतल्या पाण्यात जंतुनाशक औषध पडत होतंच, ते दुप्पट केलं.

सहावं वासरू आडवं झालं तेव्हा तो अव्वापुढं जाऊन बसला. अव्वाला अलीकडं उठताना दोन हात टेकावे लागायचे. आवाज बारीक झाला होता. ती किती दिवसांची सोबती, हे टेकडीवर कुणी बोलत नव्हतं, पण सगळे तिच्याकडं त्याच नजरेनं पाहत होते.

“अव्वा,” तो म्हणाला, “माझा शब्द...”

“वासरं मरायची थांबू दे. मग ये.”

त्याला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आठ वर्षांत ‘मग’ म्हणून ती पहिल्यांदाच बोलली होती. आणि वासरं तर थांबत नव्हती.

म्हणून तो सकाळपासून पाण्यावर अडून बसला होता.

पाणी त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. त्याला कारण होतं.

पूर्वी गोठ्यापुढं एक दगडी डोण होती. दोन पुरुष लांब, कंबरेएवढी. गुरं तिच्यात पाणी प्यायची. दर अमावास्येला, म्हणजे इकडच्या बोलीत अवसेला, मठात एक रीत पाळली जायची. पहाटे डोण उपसायची. काथ्या आणि राख घेऊन तळ, कोपरे, कड, सगळं घासायचं. मग ती दिवसभर उन्हात तापू द्यायची. दगड पार पांढरा पडेपर्यंत. त्या दिवशी सांजेपर्यंत गुरांना पाणी नाही. गुरांना नाही म्हणून अव्वालाही नाही. या अवसेला कोरडी अवस म्हणायचे.

रेवणसिद्धला तो दिवस सोसत नसे. दुपार कलली की चाळीस जनावरं हंबरू लागायची. आधी एक, मग दुसरं, मग सगळी. तो काहीतरी औषध आणायचं निमित्त काढून गावात जायचा आणि दिवस बुडाल्यावर परत यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं अव्वाला म्हटलं, “ही तहान काढून टाकतो मी.”

अव्वानं डोणीच्या कडेवरून हात फिरवला.

त्यानं टेकडीच्या डोक्यावर टाकी बसवली. तिथून काळी नळी खाली आणली. प्रत्येक दावणीला एक लोखंडी वाटी लावली. वाटीत एक जीभ असायची. गाईनं नाकानं जीभ दाबली की नळीतून पाणी येणार, तोंड काढलं की बंद. अवस नको, डोण नको, वाट बघणं नको. जेव्हा हवं तेव्हा पाणी. डोण पालथी घातली गेली.

पहिल्या दिवशी गुरं वाटीला बिचकली. तिसऱ्या दिवशी शिकली. रेवणसिद्ध गोठ्यात उभा राहून ऐकत असे. कुठंही हंबरणं नाही. आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं, असं त्याला वाटायचं. आणि ते खोटं नव्हतं.

तर त्या पाण्यावर कुणी बोट दाखवलेलं त्याला कसं चालेल?

अव्वानं सूप खाली ठेवलं. दोन हात टेकून उठली. तो आधार द्यायला पुढं झाला तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं.

ती गोठ्याकडं निघाली. तो मागोमाग.

पहिल्याच दावणीला सावळी नावाची म्हातारी गाय होती. तिनं नाकानं जीभ दाबली, चार घोट घेतले आणि मान वळवली. वाटीत थोडं पाणी उरलं. त्यात पत्र्याच्या फटीतलं ऊन पडलं होतं.

“बघा,” रेवणसिद्ध म्हणाला. “तळ दिसतोय.”

अव्वा वाटीजवळ थांबली.

“वाक.”

त्याला आधी कळलंच नाही.

“वाक म्हन्ते.”

गोठ्यात? आत्ता? बिराप्पालाही गोठ्यातच मिळाला होता... त्यानं डोळे मिटले. खाली वाकला. उजवा कान आपोआप जरा पुढं झाला.

अव्वानं वाटीत हात घातला. जिभेच्या मागं, नळीच्या तोंडात, तीन बोटं सारली. आत गोल फिरवली. बाहेर काढली. आणि रोज सकाळी सगळ्यांच्या कपाळाला जशी विभूती लावायची, तशीच ती बोटं त्याच्या कपाळावरून ओढली.

गार लागलं. बुळबुळीत. त्यातलं थोडं ओघळून नाकावर आलं.

“हे काय, अव्वा?”

“तूच वळख. डाक्टर हाईस न्हवं?”

त्यानं कपाळाला बोट लावून हुंगलं. आंबूस वास. बोटं चोळली. त्यांच्यामध्ये तार धरली गेली.

आणि त्याचे कान तापले.

कारण हे तो ओळखत होता. अकरा वर्षं शिकवलं होतं त्यानं हे. दरवर्षी, दुसऱ्या सत्रात, फळ्यावर नळीचं चित्र काढून. “जंतू पाण्यात पोहत असतात असं समजू नका,” तो पोरांना सांगायचा. “पोहणारे थोडे. खरे असतात ते भिंतीला.”

पाण्याबरोबर एखादा येतो. जिथं धार मंद असते तिथं भिंतीला टेकतो. धरून राहतो. अंगातून डिंकासारखा चिकटा सोडतो आणि त्याच्या आत घर करतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो. एकमेकांच्या आधारानं, एकमेकांचं उष्टं खात, थरावर थर चढतो. वरून औषधाचं पाणी जातं. वरचे मरतात, आणि मेलेल्यांच्या पांघरुणाखाली खालचे सुखरूप राहतात. एखाद्या दिवशी त्या थराचा एक पापुद्रा सुटतो आणि समोर जे तोंड असेल त्या तोंडात जातो. मोठी गाय पचवते. कोवळं वासरू पचवू शकत नाही.

आणि नमुना टाकीतून घेतला तर कागदावर काय येणार? टाकी.

तो तिथंच शेणात खाली बसला.

मग एकेक आठवू लागलं. नळी काळी होती आणि दिवसभर उन्हात तापायची, म्हणजे आतलं पाणी कोमट. वाट्या दोन वर्षांत एकदाही सोडवून घासलेल्या नव्हत्या, कारण वरून त्या स्वच्छ दिसत. आणि गूळ...

गूळ आठवला तेव्हा त्यानं तोंडावर हात धरला.

उन्हाळ्यात गुरं थकतात म्हणून टाकीतच गूळ आणि क्षार विरघळवायची कल्पना त्याची होती. एका ठिकाणी टाकलं की चाळीस तोंडांना पोचतं. गुरं वाट्या चाटूनपुसून घ्यायची. तो उभा राहून पाहायचा आणि त्याचा जीव सुपाएवढा व्हायचा. गोड पाणी वासरांना गेलं तसं भिंतीवरच्यांनाही गेलं. दोन उन्हाळे त्यानं त्यांना मायेनं गूळ भरवला होता.

“अव्वा,” तो खालूनच म्हणाला, “तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“मला काय ठावं? आत्ता बोट घातलं.”

“मी रोज पाणी तपासत होतो...”

“पाणी जातंय की रं निघून. ऱ्हातंय ते बघायचं.”

बिराप्पा चाऱ्याचा भारा घेऊन आला. त्यानं डॉक्टरला शेणात बसलेलं पाहिलं, त्याचं कपाळ पाहिलं, आणि काही न विचारण्याचा शहाणपणा केला.

“नळी पूर्ण रिकामी करावी लागेल,” रेवणसिद्ध हळू म्हणाला. “कडक औषध भरून ठेवायचं. फेस येणारं, जखमेवर टाकतात ते. मग धुऊन काढायची. वाट्या सोडवून घासायच्या. जिभा उकळायच्या. सगळं उन्हात वाळवायचं. एक अख्खा दिवस जाईल.”

“मग?”

“एक दिवस पाणी बंद राहील, अव्वा.”

अव्वा सावळीची मान खाजवत राहिली.

“अर्धी नळी आज करू, अर्धी उद्या. नाहीतर बादल्या आणू खालून. बिराप्पा, चाळीस जनावरांना किती बादल्या...”

“परवा अवस हाय,” बिराप्पा भारा खाली टाकत म्हणाला.

एवढं बोलून तो चारा पसरू लागला. ठरवायचं असं काही उरलंच नाही.

अवसेच्या पहाटे रेवणसिद्ध, बिराप्पा आणि सोनव्वा यांनी नळी सोडवली. टाकीकडून खालपर्यंत रेवणसिद्धनं एकेक जोड उघडला. प्रत्येक जोडात तेच. तपकिरी, चिकट, आतून सायीसारखं धरलेलं. औषध घातलं तेव्हा नळीच्या तोंडातून फेस उसळला आणि त्याबरोबर चिंध्या चिंध्या होऊन थर बाहेर पडू लागला. सोनव्वा नाकाला पदर लावून लांब उभी राहिली.

गोठ्याच्या टोकाला नळीला एक फांदी होती. सहा हात लांब, शेवटाला बूच मारलेलं. ते बूच काही केल्या निघेना. बिराप्पानं दगडानं ठोकलं तेव्हा सुटलं, आणि आतून काळा, बोटभर जाड लोळा सरकत बाहेर आला. बिराप्पा दोन पावलं मागं झाला.

अव्वा काठी टेकत जवळ आली.

“हितं तर वाटी न्हाई. ही कुनासाठी रं?”

“पुढंमागं गोठा वाढवला तर... म्हणून काढून ठेवली होती.”

“दोन वरसं कोन प्यालं हितनं?”

“कुणीच नाही.”

अव्वा त्या लोळ्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग रेवणसिद्धकडं पाहिलं, तेवढाच वेळ.

त्यानं ती फांदी मुळापासून कापून टाकली.

ऊन चढलं. सुट्या केलेल्या वाट्या ओळीनं दगडावर पालथ्या घातल्या. काथ्यानं घासून रेवणसिद्धची बोटं सोलवटली होती. औषधाचा वास घशात बसला होता. काम थांबल्यावर त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

सावळी हंबरली.

मग शेजारची. मग तिच्यापलीकडची.

त्याचे पाय गावाच्या वाटेकडं वळले, अगदी खरं सांगायचं तर चार पावलं गेलेही. पण वाट्या राखायला कुणीतरी हवं होतं, आणि अव्वा गोठ्याच्या खांबाला टेकून बसली होती. तो परत फिरला.

सावळीनं रिकाम्या खुंटीपाशी नाक नेलं. जिथं वाटी असायची तिथं नाकानं हवा दाबली. थांबली. पुन्हा दाबली. मग तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

रेवणसिद्ध रडला. डॉक्टर माणूस, पन्नाशीला आलेला, गाईच्या गळ्यात हात टाकून हुंदके देऊन रडला. सावळीला त्याचं काही नव्हतं. ती त्याच्या घामेजल्या मनगटावरचं मीठ चाटत राहिली.

उन्हं कलली तशी त्याला अव्वाची काळजी वाटू लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं घागरीतून पेला भरून आणला.

“तुम्ही तरी घ्या. हे वय नाही कोरडं राहायचं.”

“त्यांनी प्याल्यावर.”

“हट्ट करू नका, अव्वा. तुम्हाला काही झालं तर माझा शब्द...”

त्यानं जीभ चावली. पण बाण सुटला होता.

अव्वा बोळक्या तोंडानं हसली. खूप हसली. हसताना खोकला आला, तरी हसत राहिली. बिराप्पाही हसू लागला. रेवणसिद्धला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दिवस टेकला तेव्हा वाट्या बसवल्या. नळी जोडली. टाकीची कळ उघडली. आधी हवेचा फुसकारा आला, मग पाणी.

गुरं प्यायली.

दोन वर्षं ती येताजाता घोट घ्यायची. आज त्यांनी तोंड घातलं ते काढेचनात. कान मागं गेलेले, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यातून घोट खाली उतरताना दिसायचा. चाळीस जनावरं एकदम पिताना जो आवाज होतो, तो रेवणसिद्ध आठ वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होता, कारण पूर्वी अवसेला या वेळी तो गावात असायचा. तो ऐकता ऐकता त्याला कशाची तरी फार ओढ लागली. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं. घराची म्हणावी तर घर त्यानं स्वतःच्या हातानं सोडलं होतं. ती घराच्याही आधीची होती.

अव्वानं तेव्हा कुठं पेला तोंडाला लावला.

पुढचा महिना त्यानं डोळ्यांत तेल घालून काढला. गूळ आता हातानं, एकेकाच्या तोंडात. नमुना टाकीतून नाही, वाटीच्या आतली भिंत कापसानं पुसून. आडवं पडलेलं सहावं वासरू चार दिवस तळ्यात-मळ्यात करून पाचव्या दिवशी उठलं आणि आईला ढुशी देऊ लागलं. सातवं आजारी पडलंच नाही.

आणि अव्वा झिजत चालली होती. भाकरीचा पाव तुकडा, तोही दुधात कुस्करून. खांबापर्यंत चालत यायची ती आता बिराप्पाच्या हाताला धरून येऊ लागली. रेवणसिद्ध रोज दिवस मोजायचा. वासरांचे आणि तिचे.

पुढची अवस आली. वाट्या सुटल्या, घासल्या, उन्हात पडल्या. त्या दिवशी रेवणसिद्धनंही पहाटेपासून पाणी घेतलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. सकाळी पेला उचलला, सावळीकडं लक्ष गेलं, आणि खाली ठेवला इतकंच.

तिसऱ्या प्रहरी तो अव्वापाशी येऊन बसला. त्याची जीभ टाळूला चिकटत होती. आजूबाजूला गुरं हंबरत होती.

“वासरं थांबली, अव्वा.”

“व्हय.”

“तुम्ही म्हणाला होतात, मग ये.”

“आलास की.”

तो थांबला. तिच्याकडं झुकला...

अव्वा गुरांकडं पाहत होती. तिचे ओठ हलले नाहीत. वाऱ्यानं पत्र्यावर काहीतरी वाजलं आणि थांबलं.

“अव्वा...”

काही नाही.

तेव्हा त्याचा बांध फुटला.

“किती जण आले माझ्यामागून! शब्द घेऊन खाली उतरले. बिराप्पाला दुसऱ्या दिवशी दिलात. मी काय कमी केलं? सकाळी डोळा उघडतो तो त्याच आशेनं, मिटतो तोही तिच्यावरच. तुम्ही हाक मारली की वाटतं, आज. तुम्ही खोकलात की वाटतं, आता राहिलंच. आतून नुसता वाळून गेलोय मी. आठ वर्षं ही तहान घेऊन तुमच्या दारात बसलोय...”

त्यानं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

“आणि तू मला काही दिलं नाहीस, अव्वा. काहीच दिलं नाहीस.”

आठ वर्षांत तो तिला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला होता. आईला म्हणावं तसं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बिराप्पाचा चारा टाकणारा हात तसाच राहिला.

अव्वानं मान वळवली. मग तिनं आपला सुकलेला, हलका हात उचलला, त्याच्या कानाकडं नाही, छातीवर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

“ती तहानच दिली की रं...” ती म्हणाली. “सांडू नगंस.”